धावपट्टी नव्हती म्हणून पाणी वापरलं: फ्लाइंग बोटींची गोष्ट

१९३८ साली कुणी इंग्लंडहून कलकत्त्याला विमानाने यायला निघालं तर ते विमान शेवटी उतरायचं हुगळी नदीत. त्याच्या आधी ते अलाहाबादला नदीत उतरलेलं असायचं, त्याच्या आधी ग्वाल्हेरला शिंद्यांच्या संस्थानातल्या एका तलावावर, त्याआधी राजस्थानात राजसमंद तलावावर आणि त्याच्याही आधी कराचीला कोरंगीच्या खाडीत. आणि हे काही दोन सीटांचं हौशी विमान नव्हतं बरं का, चार इंजिनं, आत दोन मजले, वर पायलट आणि टपालाच्या थैल्या, खाली प्रवासी, आणि एका केबिनमध्ये चक्क खिडकीशी उभं राहून खालचा मुलूख बघत बसायची सोय. ह्या विमानांना फ्लाइंग बोट म्हणायचे, आणि १९३० च्या दशकात जगातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लांब जाणारी प्रवासी विमानं बहुतेक ह्याच जातीची होती.

ह्या विमानांबद्दल कुठेही वाचायला घेतलं की पांढरे टेबलक्लॉथ, चांदीचे काटे-चमचे, झोपायचे बंक, असलंच वर्णन येतं. ते खोटं नाही. पण त्या थाटामाटामुळे मुद्दा बाजूला राहतो. एवढी मोठमोठी विमानं पाण्यात का उतरवायची? तर उतरवायला जमिनीवर जागाच नव्हती म्हणून. ही सगळी गोष्ट मुळात धावपट्टीची आहे, हे एकदा डोक्यात बसलं की फ्लाइंग बोटी का आल्या आणि वीस-पंचवीस वर्षांत का गेल्या, दोन्ही आपोआप कळतं.

आधी एक गोंधळ निस्तरून घेऊ. पाण्यावर उतरणारं कुठलंही विमान म्हणजे सी-प्लेन, पण त्यात दोन मुख्य जाती आहेत. एक म्हणजे साध्या विमानाची चाकं काढून त्या जागी दोन लांबुळके तरंगे लावलेलं, मालदीवला लोक ज्यात बसून रील काढतात ते. त्यात विमानाचं पोट पाण्याला लागतच नाही. दुसरी जात फ्लाइंग बोट, हिच्यात विमानाचं पोट हीच बोट, तळ नावेसारखा बांधलेला आणि पाण्यात रुतून बसणारा. छोट्या विमानाला तरंगे चालतात, पण विमान मोठं करत गेलं की तरंगे पण तेवढेच मोठे आणि जड व्हायला लागतात, मग परवडत नाही. त्यामुळे पन्नास-सत्तर माणसं आणि टनभर टपाल न्यायचं असेल तर फ्लाइंग बोटच. (पाणी आणि जमीन दोन्हीकडे उतरता यावं म्हणून वर चाकंही लावलेली विमानं असतात, त्यांना अ‍ॅम्फिबियन म्हणतात, ती शेवटी येतील.)

आता धावपट्टीचं बघू. विमान जितकं जड तितका त्याला उडायला जास्त वेग लागतो, आणि तो वेग येईपर्यंत जास्त लांब पळावं लागतं. आज इंजिनात एवढी ताकद आहे आणि पंखांना मागून-पुढून असे फ्लॅप निघतात की हे गणित सुटतं, पण १९२०-३० च्या सुमारास इंजिनं तुलनेने कमजोर, फ्लॅप नाहीत किंवा अगदी साधे, आणि पुष्कळशा विमानांच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांचा कोन पण बदलता यायचा नाही, म्हणजे धावताना एक कोन आणि वर गेल्यावर दुसरा ही चैन नव्हती. त्यामुळे लांबलचक धाव हवीच. आणि तेव्हाचे विमानतळ म्हणजे काय, तर गवताचं मैदान. लंडनचं प्रसिद्ध क्रॉयडन विमानतळ, ब्रिटिश साम्राज्याचं हवाई प्रवेशद्वार वगैरे, तेही गवतच होतं. पंधरा-वीस टनांचं विमान पावसाळी गवतावर उतरवलं तर चाकं रुतणार. आणि लंडन ते सिडनी मार्गावर थांबे दोन डझनांच्या वर, प्रत्येक थांब्यावर काँक्रीट ओतायचं कुणी आणि पैसे द्यायचे कुणी?

पाणी मात्र सगळीकडे होतं, आणि फुकट. बंदरात, खाडीत, तलावावर हवं तेवढं लांब पळा, वाऱ्याची दिशा बदलली तर तुम्हीही दिशा बदला. लागायचं काय तर एक धक्का, दोन-चार बोया, प्रवासी न्यायला लाँच आणि पेट्रोलची एक बार्ज. ब्रिटिशांची सगळी मोठी ठाणी तशीही बंदरांवरच होती.

दुसरं एक कारण नेहमी सांगितलं जातं, की समुद्रावर इंजिन बंद पडलं तर फ्लाइंग बोट खाली उतरून तरंगत राहील. हे ऐकायला छान आहे आणि प्रवाशांना त्याने धीर पण यायचा, पण माझ्या मते हे अर्धंच खरं. बंदरातलं पाणी वेगळं आणि भर समुद्रातली लाट वेगळी. १९३९ च्या जानेवारीत इम्पीरियल एअरवेज ह्या ब्रिटिश विमान कंपनीची कॅव्हेलियर नावाची बोट न्यूयॉर्कहून बर्म्युडाला जाताना कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला म्हणून समुद्रात उतरली, आणि थोड्याच वेळात बुडाली. १३ जणांपैकी १० जण रात्रीपर्यंत पाण्यात एकमेकांना धरून राहिले आणि एका तेलवाहू जहाजाने त्यांना उचललं, तिघे गेले.

आता ह्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग, म्हणजे ही बोट पाण्यातून सुटते कशी. वाटतं तितकं सोपं नाहीये ते. घरी एक करून बघा, नळाची धार बारीक सोडा आणि चमच्याची पाठ हळूच त्या धारेला लावा, चमचा दूर ढकलला जाण्याऐवजी धारेकडे ओढला जातो. बाकदार पृष्ठभागावरून पाणी वेगाने वाहिलं की ते त्याला चिकटतं आणि ओढतं. फ्लाइंग बोटीच्या तळाचं अगदी हेच होतं. वेग वाढतो तसा पुढचा भाग उचलला जातो पण मागचा बाकदार भाग पाणी सोडत नाही, आणि नाक वर करून पंखांना हवा नीट पकडू द्यावी म्हटलं तर शेपूट पाण्यात अजून दाबली जाते. ह्यावर उपाय निघाला तो साधा आणि भन्नाट, तळाला साधारण मध्यावर एक पायरी ठेवायची. म्हणजे पुढून मागे येताना तळ एकाएकी काही इंच वर उचललेला. पाणी त्या कडेपर्यंत येतं, पुढे त्याला चिकटायला काही नसतं, मधल्या फटीत हवा शिरते आणि पाणी सुटतं. मग बोट फक्त त्या पायरीच्या पुढच्या भागावर घसरत पळते आणि नाक वर-खाली करायला मोकळी होते. जुन्या फ्लाइंग बोटीचा फोटो बाजूने बघा, पंखाच्या खाली पोटाला ही खाच लगेच दिसेल.

पण तिथे पोचायच्या आधी एक चढ असतो. सुरुवातीला बोट जहाजासारखी पाणी बाजूला सारत चालते, आणि वेग वाढवत नेला की एका ठिकाणी पाण्याचा विरोध सगळ्यात जास्त होतो. तो टप्पा ओलांडला की बोट वर येऊन घसरायला लागते आणि विरोध झपकन कमी होतो. वजन जास्त झालं असेल तर मात्र चारही इंजिनं पूर्ण जोरात लावून बोट नुसतीच फेसाळ पाणी उडवत मैलभर पळत राहते, उडत नाही. मग परत यायचं, टपाल नाहीतर पेट्रोल उतरवायचं, पुन्हा प्रयत्न.

अजून एक उलटी गोष्ट. आपल्याला वाटतं शांत, आरशासारखं पाणी म्हणजे पायलटची मजा. पायलटला तेच नको असायचं. एक तर अशा पाण्यातून बोट सुटायला जास्त त्रास देते, आणि उतरताना तर पाणी नक्की किती खाली आहे हेच डोळ्याला कळत नाही, आभाळ खाली आणि आभाळ वर. म्हणून आधी लाँच सोडून पाणी ढवळून घ्यायचे, तरंग उठले की मग विमान खाली. शिवाय तरंगता ओंडका असेल, मासेमाराची होडी मध्ये येईल, त्यामुळे उतरायच्या आधी लाँचने सगळा पट्टा तपासायचा. रात्री उतरायचं तर ओळीने बोटी लावून त्यांवर दिवे. हे सगळं एवढं कटकटीचं होतं की इम्पीरियलच्या मार्गावर शक्यतो दिवसाच उडायचं आणि रात्री प्रवाशांना हॉटेलात झोपवायचं अशीच पद्धत होती. लोक ज्याला थाट म्हणतात त्यातला बराचसा भाग ह्या अडचणीतून आलाय.

ह्या सगळ्याची सुरुवात झाली अमेरिकेत फ्लोरिडाला, आणि फार छोटी. १ जानेवारी १९१४, सेंट पीटर्सबर्ग ते टँपा, मध्ये खाडी. रेल्वेने जायचं तर खाडीला वळसा, कित्येक तास, स्टीमरने दोनेक तास. बेनोइस्ट नावाच्या लाकडी फ्लाइंग बोटीत एक पायलट आणि त्याच्या शेजारी त्याच बाकावर एक प्रवासी, बस्स. पायलट टोनी जॅनस, प्रवासी अ‍ॅब्रम फील, शहराचे माजी महापौर, त्यांनी पहिल्या तिकिटाच्या लिलावात ४०० डॉलर मोजले. २३ मिनिटांत पलीकडे. एरवी तिकीट ५ डॉलर. ही जगातली पहिली वेळापत्रकावर चालणारी विमानसेवा धरली जाते. ती चारच महिने चालली, १,२०० च्या वर माणसं नेली, आणि हिवाळी पर्यटक परत गेल्यावर गिऱ्हाईक संपलं म्हणून बंद पडली. चार वर्षांपूर्वीपर्यंत पाण्यावरून विमान उडालंच नव्हतं हे लक्षात घ्या, फ्रान्समध्ये आंरी फाब्रने ते पहिल्यांदा केलं मार्च १९१० मध्ये.

पहिल्या महायुद्धाने मोठ्या नौदली फ्लाइंग बोटी दिल्या आणि युद्ध संपल्यावर त्या स्वस्तात मिळायला लागल्या. १९२० पासून एरोमरीन नावाच्या कंपनीने अशाच बोटी फ्लोरिडाच्या टोकावरून हवानाला न्यायला सुरुवात केली. आणि गिऱ्हाईक कोण, तर अमेरिकेत नुकतीच दारूबंदी लागू झाली होती आणि क्युबात नव्हती. बाकी समजून घ्या.

पण धंदा प्रवाशांवर चालत नव्हता, चालत होता टपालावर, आणि हे विसरून ह्या काळाचा हिशोब लागत नाही. अमेरिकेच्या सरकारने १९२८ च्या कायद्याने परदेशी हवाई टपालासाठी मैलाला २ डॉलरपर्यंत द्यायची तयारी ठेवली आणि पॅन अ‍ॅमच्या हुआन ट्रिपने त्या करारांवर अख्खी कंपनी उभी केली. ब्रिटनचंही तेच. साम्राज्य एवढं पसरलेलं, पत्र जहाजाने ऑस्ट्रेलियात पोचायला महिना, म्हणून हवाई टपाल, आणि टपालासाठी विमानं.

भारताचा मार्ग इम्पीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ ला सुरू केला तेव्हा तो प्रवास कसा होता बघा. लंडनहून स्वित्झर्लंडमधल्या बासलपर्यंत विमान, तिथून जेनोआपर्यंत रेल्वे, जेनोआहून फ्लाइंग बोटीने टप्प्याटप्प्याने भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया, तिथून जमिनीवर उतरणाऱ्या विमानाने इराक, इराणचा किनारा करत कराची. सात दिवस. गंमत म्हणजे त्या बोटीच्या मॉडेलचं नाव होतं कलकत्ता, आणि ती काम करत होती इटली-ग्रीस-इजिप्तमध्ये.

आपल्या मुंबईचा संबंध इथेच येतो. इम्पीरियलचं टपाल कराचीत यायचं, पुढे मुंबई-मद्रासला ते रेल्वेने. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून छोटं पुस मॉथ विमान घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते हेच टपाल घेऊन. म्हणजे एअर इंडियाची जन्मकथा आपण जी ऐकतो ती खरं तर ह्या लांबच्या मार्गाला जोडलेल्या शेवटच्या तुकड्याची कथा. आणि जुहूचं ते मैदान पावसाळ्यात चिखलात जायचं, त्यामुळे त्या दिवसांत टाटांना आपलं बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागायचं. धावपट्टी नसणं म्हणजे काय ते ह्यापेक्षा नीट कुणी सांगणार नाही.

१९३४-३५ मध्ये ब्रिटनने ठरवलं की साम्राज्यात कुठेही जाणारं पहिल्या दर्जाचं टपाल जादा पैसे न घेता विमानानेच न्यायचं, अर्ध्या औंसाला दीड पेनी. एवढं टपाल न्यायला मोठी विमानं हवीत, म्हणून शॉर्ट ब्रदर्सकडे एकदम २८ फ्लाइंग बोटींची ऑर्डर दिली, एकही बनवून उडवून न बघता, नुसत्या आराखड्यावर. हीच ती एम्पायर बोट, पहिली कनोपस, जुलै १९३६ मध्ये उडाली. सगळ्यांची नावं इंग्रजी सी ह्या अक्षराने सुरू, म्हणून सी-क्लास. दिवसाच्या प्रवासात २४ प्रवासी, तासाला २६५ किलोमीटरच्या आसपास वेग, आणि दीडेक टन टपाल. फेब्रुवारी १९३८ पासून भारत ह्या योजनेत आला, कराचीहून मुंबई, मद्रास, कोलंबोची बाजू टाटांनी सांभाळली, आणि मुख्य बोट कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता करत ब्रह्मदेशाकडे. इंग्लंडच्या साउथँप्टनहून निघालेला माणूस नऊ-दहा दिवसांनी सिडनीच्या रोझ बे मध्ये उतरायचा. आपल्या मुंबईला काही ह्या मुख्य मार्गावर जागा मिळाली नाही.

अपघात पण कमी नव्हते. जून १९३९ मध्ये ह्यातली सेंच्युरियन हुगळीवर उतरतानाच मोडली. दुसरी एक, कोर्सेर, मार्च १९३९ मध्ये रस्ता चुकून बेल्जियन काँगोतल्या एका चिंचोळ्या नदीत उतरली आणि तळ फुटला. दुरुस्त करून उडवायला गेले तर पाणी पुरेना, शेवटी त्या नदीवर धरण बांधून पाणी साठवलं आणि जानेवारी १९४० मध्ये ती बाहेर काढली! एका विमानासाठी धरण. युद्धाच्या दिवसांत एकेक बोट एवढी मोलाची होती.

खरा कस लागला तो मात्र पॅसिफिकमध्ये. सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू, ३,८०० किलोमीटरच्या वर, मध्ये एक खडक पण नाही. तिथून पुढे मनिला गाठायचं तर मिडवे, वेक, ग्वाम अशी टिकल्यांएवढी बेटं. वेकवर तर माणूसच राहत नव्हता, प्यायचं पाणीही नाही. मार्च १९३५ मध्ये पॅन अ‍ॅमने नॉर्थ हेवन नावाचं जहाज भाड्याने घेऊन त्यात अख्खी गावं सुटी करून भरली, घरं, जनरेटर, पाण्याच्या टाक्या, रेडिओची यंत्रं, आणि त्या बेटांवर नेऊन जोडली. वेकच्या मधल्या पाण्यात प्रवाळाचे खडक होते, ते सुरुंग लावून फोडले तेव्हा कुठे बोट उतरण्यापुरता पट्टा झाला. बघा, म्हणजे पाणी फुकट असलं तरी अगदीच फुकट नव्हतं, पण त्या बेटावर १९३५ साली काँक्रीटची धावपट्टी करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं होतं.

२२ नोव्हेंबर १९३५ ला चायना क्लिपर निघाली, मार्टिन कंपनीची एम-१३०, कॅप्टन एड म्युझिक, नॅव्हिगेटर फ्रेड नूनन (हाच नंतर १९३७ मध्ये प्रसिद्ध महिला वैमानिक अमेलिया इअरहार्टबरोबर बेपत्ता झाला). एकही प्रवासी नाही, एक लाखाच्या वर पत्रं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचा बांधकाम चालू असलेला बे ब्रिज, बेत होता वरून जायचा, पण बोट एवढी भरलेली की उंची मिळेना, म्युझिकने आयत्या वेळी नाक खाली केलं आणि लोंबणाऱ्या तारांखालून काढली. २९ तारखेला मनिला. उडण्याचा वेळ जवळपास ६० तास. प्रवासी घ्यायला सुरुवात झाली पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, मनिलाचं एका बाजूचं तिकीट ७९९ डॉलर, म्हणजे तेव्हा अमेरिकेत नवी फोर्ड मोटार घेऊन वर पैसे उरतील. सामान्य माणसाचा प्रश्नच नव्हता.

ह्या प्रवासांनी पुढच्या विमानवाहतुकीला काय दिलं असं विचाराल तर माझं उत्तर बोट हे नाही. दिला तो समुद्रावरून लांब जायचा सराव. रेडिओच्या लहरींवरून दिशा काढणं, ताऱ्यांवरून जागा काढणं, परत फिरायचं असेल तर कुठल्या मिनिटापर्यंत फिरता येईल ह्याचा हिशोब, दोन-दोन पाळ्यांचे क्रू, हवामानाचे अंदाज. हे सगळं वेकसारखा ठिपका शोधता शोधता शिकलं गेलं, आणि मग जमिनीवरच्या विमानांनी आयतं घेतलं.

अटलांटिक त्यामानाने उशिरा झाला. अंतर कमी, पण हवा वाईट, उलटा वारा, हिवाळ्यात कॅनडाकडची बंदरं गोठलेली. ब्रिटिशांच्या एम्पायर बोटीत पुरेसं पेट्रोल भरलं तर टपाल-प्रवाशांना जागा उरत नव्हती. म्हणून त्यांनी एक अचाट प्रकार केला, मोठ्या माया ह्या फ्लाइंग बोटीच्या पाठीवर छोटं मर्क्युरी हे तरंगेवालं विमान बसवलं. खालच्या बोटीने वर न्यायचं आणि हवेत सोडून द्यायचं, कारण एवढं पेट्रोल भरलेली मर्क्युरी स्वतःच्या जिवावर पाण्यातून सुटलीच नसती. जुलै १९३८ मध्ये ती आयर्लंडच्या फॉइन्सहून माँट्रियलजवळ पोचली, वीस तास वीस मिनिटांत. चाललं, पण धंदा म्हणून हे कितपत परवडणार? (त्या फॉइन्सलाच, थंडीने काकडून परत आलेल्या प्रवाशांसाठी १९४३ च्या सुमारास कॉफीत व्हिस्की घातली आणि आयरिश कॉफी झाली असं सांगतात.)

जर्मनांची तऱ्हा वेगळीच. डॉर्निए डो एक्स, १९२९, बारा इंजिनं, एका उड्डाणात १६९ माणसं, त्यातली ९ फुकटी लपून बसलेली. नोव्हेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कला निघाली, वाटेत लिस्बनला पंखाला आग, पुढे कॅनरी बेटांवर तळाला मार, आणि पोचली ऑगस्ट १९३१ मध्ये. नऊ महिन्यांच्या वर. जहाजाने किती वेळा जाऊन येणं झालं असतं ते तुम्हीच काढा.

उत्तर शेवटी बोइंगने दिलं, बोइंग ३१४. फक्त १२ बनल्या. पंखांचा पसारा ४६ मीटर, आज आपण ज्या एअरबस ए-३२० ने पुणे-दिल्ली करतो तिचा ३६ च्या आसपास आहे. पंख एवढे जाड की आतून रांगत जाऊन उडता उडता इंजिनापर्यंत पोचता यायचं आणि किरकोळ दुरुस्ती करता यायची. २८ जून १९३९ ला डिक्सी क्लिपर न्यूयॉर्कहून अझोर्स, लिस्बनमार्गे मार्सेला निघाली आणि अटलांटिकवर नियमित विमानप्रवास सुरू झाला, एका बाजूचे ३७५ डॉलर. दोन महिन्यांत युद्ध पेटलं.

युद्धातल्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा पॅन अ‍ॅमची एक बोइंग ३१४ ऑकलंडच्या जवळ होती, पॅसिफिकमधून परत जाणं अशक्य. कॅप्टन रॉबर्ट फोर्डला सांगितलं गेलं की उलट्या बाजूने, पश्चिमेकडून घरी या. ज्या मार्गावर त्यांच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं, नकाशे नाहीत, ऑस्ट्रेलिया, सुराबाया, त्रिंकोमाली, तिथे इंजिनाचा सिलिंडर गेला, तो दुरुस्त करून भारतावरून कराची, बहरीन, खार्टूम, काँगो नदी, तिथून अटलांटिक ओलांडून ब्राझील, आणि ६ जानेवारी १९४२ ला न्यूयॉर्क. सुराबायाला तर विमानाचं पेट्रोल मिळेना, मोटारीचं भरलं, इंजिनं फटाके उडवत होती पण चालली.

दुसरी क्वांटास ह्या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीची. सिंगापूर पडल्यावर ऑस्ट्रेलिया-इंग्लंड मार्ग तुटला, म्हणून १९४३ पासून पर्थ ते श्रीलंकेचा कोग्गला तलाव असं थेट उड्डाण, छोट्या कॅटालिना फ्लाइंग बोटीने, २७ ते ३३ तास हवेत, रेडिओ बंद, फार तर तीन प्रवासी. त्या प्रवासात सूर्योदय दोनदा दिसायचा. युद्ध संपेपर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या.

आणि त्याच युद्धाने फ्लाइंग बोटींचा खेळ संपवला. बॉम्बर उतरवायला जगभर काँक्रीट ओतलं गेलं, सरकारी पैशाने, मागेपुढे न बघता. मुंबईचं सांताक्रूझ त्याच काळात हवाई दलाचा तळ म्हणून उभं राहिलं. अहो, जिथे प्यायला पाणी नव्हतं त्या वेक बेटावर सुद्धा १९४१ पर्यंत धावपट्टी झाली होती. आता धावपट्टी आहे म्हटल्यावर बोटीचं ते खोल पोट, ती पायरी, खाऱ्या पाण्याने खाल्लेला पत्रा, लाँच, बोया, हे सगळं वागवायचं कशाला? पोटामुळे हवेचा विरोध जास्त, बोइंग ३१४ तासाला तीनशेच्या आसपास जायची तिथे जमिनीवर उतरणारं कॉन्स्टेलेशन पाचशेच्या. पॅन अ‍ॅमने १९४६ मध्येच बोइंग ३१४ काढून टाकल्या, ब्रिटिशांच्या बीओएसीने (इम्पीरियलची वारसदार कंपनी) नोव्हेंबर १९५० मध्ये शेवटचा मार्ग बंद केला. ब्रिटनने तरीही सॉन्डर्स-रो प्रिन्सेस नावाची अवाढव्य बोट बांधली, १९५२ मध्ये उडवली, आणि एकाही एअरलाइनने ती घेतली नाही. तीन बांधल्या होत्या, उडाली एकच. त्या १२ बोइंग आणि एम्पायर बोटींपैकी आज एकही शिल्लक नाही.

जिथे धावपट्टी नव्हती तिथे मात्र त्या टिकल्या. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाउ बेटावर सिडनीहून फ्लाइंग बोट १९७४ पर्यंत जात होती, त्या वर्षी बेटावर छोटी धावपट्टी झाली आणि बोट बंद.

आपल्याकडे दर काही वर्षांनी सी-प्लेनची घोषणा होते तेव्हा मला हेच आठवतं. २०१४ मध्ये जुहूहून पवना धरणापर्यंत झालं, टिकलं नाही. ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमतीहून केवडियाला सुरू झालं, काही महिन्यांत थांबलं. ही छोटी, तरंगेवाली विमानं (जुहूचं तर चाकंही असलेलं अ‍ॅम्फिबियन), फ्लाइंग बोटी नाहीत, पण गणित तेच लागू पडतं. मुंबईहून पवनेला एक्सप्रेसवे आहे, केवडियाला रेल्वे जाते. मालदीवमध्ये हजारावर बेटं आहेत आणि बहुतेकांवर धावपट्टी मावतच नाही, रस्ता तर नाहीच, म्हणून तिथे सी-प्लेनचा जगातला सगळ्यात मोठा ताफा रोज पैसे कमावतो. आपल्याकडे पुढच्या वेळी घोषणा झाली की आधी नकाशा उघडून बघा, त्या दोन ठिकाणांच्या मध्ये दुसरं काय काय आहे ते.